ज्वालामुखी कसे असतात, कसे फुटतात आणि कशाने मारतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्वालामुखी म्हटलं की लाल लाव्हा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात ज्वालामुखींच्या मोठ्या दुर्घटनांमध्ये लाव्ह्याने गेलेले जीव फार थोडे आहेत. माणसं मेली ती तापलेल्या ढगाखाली, चिखलाच्या लोंढ्यात, समुद्राच्या लाटेत, न दिसणाऱ्या वायूने, नाहीतर उद्रेकानंतरच्या उपासमारीने. गैरसमज नेमके इथेच जास्त आहेत, म्हणून खालच्या उत्तरांत हा मुद्दा अनेकदा येईल.

ज्वालामुखी म्हणजे डोंगर का?

मुळात ती एक वाट आहे. जमिनीच्या पोटातला वितळलेला खडक आणि वायू ज्या तोंडातून किंवा भेगेतून बाहेर पडतात, तो ज्वालामुखी. बाहेर आलेला माल तिथेच साचत गेला तर डोंगर तयार होतो. २० फेब्रुवारी १९४३ रोजी मेक्सिकोत एका शेतात जमिनीला भेग पडली आणि त्यातून राख व तापलेले दगड उडू लागले. वर्षभरात त्या सपाट शेतात तीनशे मीटरांहून उंच टेकडी उभी राहिली. हाच पारिकुतिन. १९५२ मध्ये तो थांबला, तेव्हा आधीच्या जमिनीपासून त्याची उंची ४२४ मीटर होती. ज्वालामुखीचा जन्म ते शेवट असा अख्खा प्रवास शास्त्रज्ञांना क्वचितच बघायला मिळतो. इथे तो मिळाला.

शिलारस आणि लाव्हा यांत फरक काय?

जमिनीखाली असतो तोवर शिलारस, म्हणजेच मॅग्मा. बाहेर आला की लाव्हा. फरक फक्त जागेचा नाही. वर येताना शिलारसात विरघळलेले वायू बरेचसे निसटून जातात आणि लाव्ह्यात ते फार कमी उरतात. उद्रेकाची सगळी ताकद या निसटणाऱ्या वायूंमध्ये आहे.

पृथ्वीच्या आत सगळीकडे लाव्हा भरलेला आहे, हे खरं का?

नाही. शाळेत काढलेल्या लाल-पिवळ्या आकृत्यांमुळे हा समज पक्का बसतो. आपल्या पायाखालचं कवच घन आहे आणि त्याखालचं हजारो किलोमीटर जाडीचं प्रावरणही जवळजवळ सगळं घनच आहे. ते प्रचंड तापलेलं असलं तरी वरच्या दाबामुळे वितळत नाही. पूर्ण द्रवरूप थर त्याच्याही खाली, बाह्य गाभ्यात आहे. तो लोखंड-निकेलचा आहे आणि ज्वालामुखीतून येणारा लाव्हा तिथून येत नाही.

खडक वितळतो तो काही खास ठिकाणीच. पृथ्वीचं वरचं आवरण मोठमोठ्या तुकड्यांत विभागलेलं आहे, त्यांना भूपट्ट म्हणतात. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात तिथे खालचा तप्त खडक वर चढतो, त्याच्यावरचा दाब उतरतो आणि तो वितळू लागतो. महासागरांच्या तळाशी हे सतत चालू असतं. एक पट्ट दुसऱ्याखाली घुसतो तिथे वेगळंच घडतं. घुसणाऱ्या पट्टासोबत समुद्राचं पाणी खनिजांमध्ये अडकून खोल जातं, तिथे मोकळं होतं आणि वरच्या खडकाचा वितळणांक खाली आणतं. पॅसिफिक महासागराभोवतीचं ज्वालामुखींचं कडं, म्हणजेच प्रसिद्ध अग्निकंकण, अशा सीमांमुळेच बनलं आहे. तिसरी जागा म्हणजे तप्तबिंदू. भूपट्टाच्या मधोमध, खालून वर येणाऱ्या उष्ण खडकाच्या झोतावर हवाईसारखी बेटं तयार होतात. झोत जवळपास जागच्या जागी राहतो आणि वरचा पट्ट सरकत जातो, त्यामुळे बेटांची माळ तयार होते.

काही ज्वालामुखी निमूट वाहतात आणि काही स्फोट होऊन फुटतात, असं का?

या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. शिलारस किती घट्ट आहे आणि त्यात वायू किती आहे, यावर सगळं ठरतं.

चुलीवर नुसतं पाणी उकळत असेल तर बुडबुडे वर येऊन निमूट फुटतात. तेच एखादं घट्ट मिश्रण शिजत असेल तर ते फदफदतं आणि अंगावर उडतं. बुडबुडे तेच, पण त्यांना सहज वाट मिळत नाही. शिलारसाला घट्टपणा येतो मुख्यतः सिलिकामुळे. बेसाल्ट प्रकारच्या शिलारसात सिलिका साधारण पन्नास टक्के असते आणि तापमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस. तो पातळ असतो आणि वायू सोडून देत वाहत जातो. रायोलाइट प्रकारात सिलिका सत्तर टक्क्यांच्या आसपास असते आणि तापमान बऱ्याचदा ८०० अंशांच्या जवळपास. तो इतका दाट असतो की बुडबुडे आतच कोंडतात. वर येताना दाब उतरतो, बुडबुडे फुगतात, आणि एका क्षणी अख्खा शिलारसच फेस होऊन फाटतो. त्या फाटलेल्या फेसाचे बारीक तुकडे म्हणजे ज्वालामुखीची राख. फेस तसाच गोठला तर तयार होतो तो प्यूमिस, पाण्यावर तरंगणारा दगड.

या गणितात बाहेरचं पाणीही गडबड करतं. पातळ बेसाल्टसुद्धा समुद्राच्या किंवा भूजलाच्या संपर्कात आला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि स्फोट होतो. १९६३ मध्ये आइसलँडजवळ समुद्रातून सुर्त्से हे नवं बेट वर आलं, ते असेच स्फोट करत.

ज्वालामुखींचे प्रकार कोणते?

पुस्तकांत यादी लांबलचक असते. खरं तर हे प्रकार काटेकोर कप्पे नाहीत, आणि एकाच डोंगरावर दोन-तीन प्रकार सुखाने नांदतात. तरी मुख्य ते असे.

*ढालीसारखे.* पातळ लाव्हा दूरवर पसरतो, थरावर थर चढतात आणि जमिनीवर पालथ्या ठेवलेल्या ढालीसारखा रुंद, बसका डोंगर तयार होतो. हवाईमधला मौना लोआ समुद्रसपाटीपासून ४,१६९ मीटर उंच आहे, पण समुद्रतळापासून मोजला तर नऊ किलोमीटरहून अधिक भरतो. त्याचा उतार इतका सौम्य आहे की त्यावर उभं राहून आपण एवढ्या मोठ्या पर्वतावर आहोत हे जाणवतही नाही.

*संमिश्र किंवा स्तरित शंकू.* चित्रात काढतात तो हाच. उभ्या उताराचा, टोकदार, सुरेख. फुजी (३,७७६ मीटर), फिलिपिन्समधला मायोन, इटलीतला व्हेसुव्हियस. लाव्हा, राख आणि दगडगोट्यांचे थर आलटून पालटून बसून हे डोंगर उभे राहतात. दिसायला सगळ्यांत देखणे आणि वागायला सगळ्यांत बेभरवशाचे. घट्ट शिलारस, भरपूर वायू, माथ्यावर अनेकदा बर्फ आणि पायथ्याशी सुपीक जमिनीमुळे दाट वस्ती, असं सगळं एकाच ठिकाणी जमून येतं.

*राखेचे शंकू.* आकाराने लहान आणि बहुतेकदा एकाच उद्रेकातून बनलेले. वर सांगितलेला पारिकुतिन या जातीचा.

*लाव्हा घुमट.* लाव्हा इतका दाट की तो वाहतच नाही, तोंडावरच गोळा होऊन फुगत राहतो. बघायला निरुपद्रवी वाटतो, पण घुमट ढासळला की तापलेला ढग उतारावरून सुटतो. त्याबद्दल पुढे येईलच.

*कॅल्डेरा.* मोठ्या उद्रेकात खालचा साठा रिकामा झाला की वरचं छप्पर आत कोसळतं आणि किलोमीटरच्या किलोमीटर रुंद खळगा उरतो. सुमात्रा बेटावरचं टोबा सरोवर असंच बनलं. सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकानंतर उरलेला हा खळगा साधारण शंभर किलोमीटर लांब आणि तीस किलोमीटर रुंद आहे. काठावर उभं राहिल्यावर ‘ज्वालामुखी कुठे आहे?’ असं कोणी विचारलं, तर आपण त्याच्या आतच उभे आहोत हेच त्याचं उत्तर.

*भेगी उद्रेक.* इथे डोंगर नाही आणि एक तोंडही नाही, जमीन लांबच्या लांब उसवते. आइसलँडमध्ये ८ जून १७८३ रोजी सुरू झालेला लाकीचा उद्रेक सुमारे २७ किलोमीटर लांबीच्या भेगेतून आठ महिने चालला. भूशास्त्रीय काळात याहून कितीतरी अवाढव्य बेसाल्टचे पूर आलेले आहेत. सायबेरियातले आणि दख्खनचे थरावर थर हे त्यांचेच अवशेष. दख्खनचे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

हवाईयन, स्ट्रॉम्बोलियन, प्लिनियन ही नावं कशाची?

ती उद्रेकाच्या तऱ्हांची नावं आहेत. हवाईयन म्हणजे कारंजी आणि वाहता लाव्हा. स्ट्रॉम्बोलियन म्हणजे थोड्याथोड्या वेळाने उडणारे निखारे. इटलीतलं स्ट्रॉम्बोली बेट शतकानुशतकं हेच करत आहे. व्हल्केनियन म्हणजे तोंडात बसलेलं दगडी बूच उडवून देणारे तुटक, जोरदार स्फोट. प्लिनियन सगळ्यांत भीषण. राख आणि वायूचा खांब तासन् तास वर चढत राहतो आणि वीस-तीस किलोमीटर उंचीवर छत्रीसारखा पसरतो. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने लांबून पाहिला आणि पुढे पत्रांत लिहून ठेवला. त्या ढगाला त्याने पाइन वृक्षाची उपमा दिली होती. हे नाव त्याच्यावरूनच पडलं.

याशिवाय एक प्रकार नुसत्या वाफेच्या स्फोटाचा. नवा शिलारस बाहेर येतच नाही. खालच्या उष्णतेने भूजल तापून कोंडतं आणि खडक फोडून उडतं. हा आकाराने लहान असतो, पण पूर्वसूचना न देण्यात याचा हात कोणी धरत नाही.

उद्रेक किती मोठा, हे कसं मोजतात?

० ते ८ अशी स्फोटकता-श्रेणी आहे. बाहेर पडलेल्या राख-दगडांचं घनफळ हा तिचा मुख्य आधार. वरच्या पायऱ्यांवर प्रत्येक अंकागणिक हे घनफळ सुमारे दहापट होतं. ५ म्हणजे किमान एक घन किलोमीटर, ६ म्हणजे दहा, ७ म्हणजे शंभर. अमेरिकेतला सेंट हेलेन्स (१९८०) ५ वर, फिलिपिन्समधला पिनातुबो (१९९१) आणि इंडोनेशियातला क्राकातोआ (१८८३) ६ वर, इंडोनेशियातलाच तांबोरा (१८१५) ७ वर आणि टोबा ८ वर.

या आकड्यावरून धोका मात्र मोजू नका. विसाव्या शतकातला दुसऱ्या क्रमांकाचा प्राणघातक उद्रेक या श्रेणीत फक्त ३ वर होता. तो कोणता, ते चिखलाच्या प्रश्नात सांगतो.

लाव्ह्यापासून पळून सुटता येतं का?

बहुतेक वेळा चालतसुद्धा. लाव्हा घरं, रस्ते, शेती गिळतो. २०१८ मध्ये हवाईमधल्या किलाउएआच्या लाव्ह्याने सुमारे ७०० घरं गिळली, पण त्यात कोणाचा जीव गेला नाही. याला ठळक अपवाद काँगोमधला न्यिरागोंगो. तिथला लाव्हा असामान्य पातळ आहे आणि उतार उभे आहेत. १९७७ मध्ये त्याच्या विवरातलं लाव्ह्याचं तळं डोंगराच्या कुशीतून फुटलं आणि तासाभराच्या आत रिकामं झालं. वरच्या उतारांवर लाव्ह्याचा वेग ताशी साठ किलोमीटरपर्यंत होता. पायी पळणाऱ्याला तिथे काही संधीच नव्हती.

लाव्हा अडवताही आला आहे. १९७३ मध्ये आइसलँडच्या हैमाएय बेटावर बंदराकडे सरकणाऱ्या लाव्ह्यावर काही महिने समुद्राचं पाणी पंपाने मारलं गेलं. तो थिजला आणि बंदर वाचलं. पण वेळ आणि पाणी दोन्ही हाताशी असेल, आणि लाव्हा सावकाश असेल, तरच असं जमतं.

लाव्हा समुद्राला मिळतो ते दृश्य बघायला लोक जवळ जातात. तिथे उठणारी पांढरी वाफ साधी नसते. तिच्यात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि काचेचे कण असतात.

मग सगळ्यांत घातक काय?

तापलेल्या राखेचा, दगडांचा आणि वायूचा लोंढा. शास्त्रीय नाव पायरोक्लास्टिक प्रवाह. तो ढगासारखा दिसत असला तरी हवेपेक्षा जड असतो, म्हणून वर न चढता जमिनीला घासत उतारावरून सुटतो. वेग ताशी शंभर किलोमीटरहून जास्त, कधी कधी कितीतरी जास्त. तापमान काही शे अंश. तो दिसल्यावर पळण्यात अर्थ नसतो. वाचायचं असेल तर तो यायच्या आधी तिथून निघून गेलेलं असावं लागतं, एवढंच.

८ मे १९०२ च्या सकाळी कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर माँ पेले फुटला. सात किलोमीटरांवरचं सेंट पियेर शहर मिनिटा-दोन मिनिटांत संपलं. सुमारे २८,००० माणसं गेली. शहरात होते त्यांच्यापैकी बोटांवर मोजण्याइतके वाचले आणि त्यातला एक होता जाड दगडी भिंतींच्या कोठडीत डांबलेला कैदी. डोंगर काही आठवडे इशारे देत होता, राख पडत होती, तरी शहर रिकामं केलं गेलं नव्हतं.

ज्यांना हे सगळं ठाऊक असतं त्यांनाही हा लोंढा सोडत नाही. ३ जून १९९१ रोजी जपानमधल्या उन्झेनचा लाव्हा घुमट ढासळला आणि ४३ जण मरण पावले. ज्वालामुखींचं चित्रण करण्यात हयात घालवलेलं मोरिस आणि कात्या क्राफ्ट हे जोडपं त्यांत होतं.

ज्वालामुखीतून चिखल येतो म्हणजे काय?

राख आणि पाणी एकत्र आलं की ओल्या काँक्रीटसारखा लोंढा बनतो. याला लाहार म्हणतात. शब्द जावा बेटावरचा आहे, कारण तिथल्या लोकांची त्याच्याशी जुनी ओळख. पाणी माथ्यावरच्या वितळलेल्या बर्फाचं असेल, विवरातल्या तळ्याचं असेल, किंवा साध्या पावसाचं. लाहार नदीच्या पात्रातून धावतो. त्यामुळे डोंगर क्षितिजावर धूसर दिसतो इतक्या लांबच्या गावांनाही त्याचा धोका असतो.

१३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री कोलंबियातल्या नेवादो देल रुइसचा उद्रेक झाला. मघाशी सांगितलेला श्रेणी ३ चा उद्रेक तो हाच. माथ्यावरच्या हिमटोपीचा थोडासाच भाग वितळला, पण उतरताना लोंढ्याने नद्यांच्या पात्रांतली माती, दगड, झाडं गोळा केली आणि तो फुगत गेला. सत्तरेक किलोमीटरांवरचं आर्मेरो हे गाव त्याने सुमारे अडीच तासांनी गाठलं. एकूण २३,००० च्या आसपास माणसं गेली. सगळ्यांत बोचणारी गोष्ट म्हणजे धोक्याचा नकाशा आधीच्या महिन्यातच तयार झाला होता आणि त्यात आर्मेरो लोंढ्याच्या वाटेवरच दाखवलेलं होतं. अडीच तास हातात होते, उंच जागा जवळ होती. लोकांपर्यंत ‘आत्ताच्या आत्ता वर चढा’ हे शब्द पोहोचले नाहीत.

म्हणून ज्वालामुखीजवळच्या खोऱ्यात असाल आणि नदीच्या वरच्या अंगाने घरघर ऐकू आली, तर पात्राला आडवं निघून उंचीकडे जा. पात्राच्या कडेने खालच्या दिशेला पळू नका.

राख म्हणजे चुलीतल्यासारखी राख का?

नावच फसवं आहे. इथे काही जळलेलं नसतं. ही राख म्हणजे कुटलेली काच आणि दगडाची पूड. ती पाण्यात विरघळत नाही, खरखरीत असते, आणि ओली झाली की वीज वाहू देते. त्यामुळे विजेच्या तारांवर बसून पुरवठा खंडित करते. छतावर साचून ओली झाली की तिचं वजन छताला पेलत नाही. पिनातुबोच्या उद्रेकाच्या दिवशीच तिथे चक्रीवादळ आलं, पावसाने राख भिजली आणि छपरं कोसळून बरीच माणसं दगावली.

विमानांसाठी तर ती काळच. २४ जून १९८२ रोजी जावावरच्या गालुंगुंगच्या राखेत एक प्रवासी जंबो जेट शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. राखेतली काच इंजिनाच्या उष्णतेत वितळून आतल्या पात्यांना चिकटत होती. विमान सुमारे अकरा किलोमीटर उंचीवरून चारेक किलोमीटरपर्यंत तरंगत खाली आलं. इंजिनं थंड झाली, चिकटलेली काच तडकून सुटली आणि ती पुन्हा सुरू झाली. समोरची काच राखेने घासून आंधळी झाली होती, तशातच वैमानिकांनी विमान जकार्ताला उतरवलं. २०१० मध्ये आइसलँडच्या एयाफ्यात्लायोकुत्लने युरोपचं आकाश जवळपास आठवडाभर बंद ठेवलं, त्यामागे हाच धडा होता. लोक तेव्हा त्या बंदीवर वैतागले. मला ती रास्त वाटते.

राख पडत असेल तर काय करावं?

घरात राहा, दारं-खिडक्यांच्या फटींना ओलं कापड लावा. बाहेर जावंच लागलं तर एन-९५ सारखा घट्ट बसणारा मास्क आणि बंद चष्मा वापरा, कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा. गाडी शक्यतो काढू नका. समोरचं दिसत नाही, रस्ता निसरडा होतो, आणि वायपर फिरवला की काचेवर ओरखडे उठतात. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या झाका. राख झाडताना आधी हलकंसं पाणी शिंपडा, पण छतावर भसाभस पाणी ओतू नका, वजन वाढतं. गोळा केलेली राख गटारात लोटू नका, ती तिथे घट्ट बसून गटार तुंबवते. छत साफ करताना पडून जखमी होणारे लोकही बरेच असतात, तेव्हा शिडी सांभाळून.

ज्वालामुखीचा वायू विषारी असतो का?

सर्वांत जास्त असते ती पाण्याची वाफ, त्याखालोखाल कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड. सल्फरचा वायू निदान नाकाला झोंबतो, त्यामुळे कळतो तरी. कार्बन डायऑक्साइडला ना रंग ना वास, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो.

कॅमेरूनमधलं न्योस सरोवर एका जुन्या विवरात आहे. खालून झिरपणारा कार्बन डायऑक्साइड त्याच्या तळाच्या पाण्यात वर्षानुवर्षं विरघळत राहिला. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकदम उसळून बाहेर आला आणि दऱ्यांमधून पसरला. सुमारे १,७०० माणसं आणि हजारो गुरं गुदमरून मेली. उद्रेक नाही, आग नाही, घरं जशीच्या तशी उभी. २००१ पासून तिथे तळापर्यंत पाइप सोडून वायू थोडाथोडा बाहेर काढला जातो. तो पाइप एकदा सुरू करून दिला की वायूच्या बुडबुड्यांच्या जोरावर कारंजं आपलं आपण चालू राहतं.

ज्वालामुखीमुळे त्सुनामी येते?

येते, आणि भूकंपाशिवाय येत असल्याने भूकंपावर बेतलेली इशारा-यंत्रणा गाफील राहू शकते. २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकातोआ फुटला तेव्हा ३६,००० हून अधिक माणसं गेली आणि त्यांतली बहुतेक लाटांनी. तो आवाज सुमारे ४,८०० किलोमीटरांवरच्या, हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर ऐकू आला. त्याच जागी नंतर वर आलेल्या अनाक क्राकातोआ (म्हणजे ‘क्राकातोआचं पोर’) याची एक बाजू २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री समुद्रात घसरली आणि चारशेहून जास्त लोक लाटेत गेले. १५ जानेवारी २०२२ चा टोंगाजवळचा समुद्राखालचा उद्रेक तर वेगळ्याच पातळीवरचा होता. त्याचा ढग ५७ किलोमीटर उंच गेला आणि हवेतल्या दाबाची लाट पृथ्वीभोवती फिरली.

एका उद्रेकाने जगाचं हवामान बदलतं का?

वर्ष-दोन वर्षांपुरतं, हो. काम राखेचं नाही, ती लवकर खाली बसते. सल्फर डायऑक्साइड वातावरणाच्या वरच्या थरात, म्हणजे स्थितांबरात, पोहोचला की त्याचे आम्लाचे सूक्ष्म थेंब बनतात आणि ते सूर्यप्रकाश परतवतात. पिनातुबोनंतर जगाचं सरासरी तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरलं. तांबोरानंतरच्या १८१६ या वर्षाला ‘उन्हाळा नसलेलं वर्ष’ म्हणतात. अमेरिकेच्या ईशान्य भागात जूनमध्ये बर्फ पडला, युरोपात पिकं बुडाली. लाकीच्या वेळी तर फ्लोरिनने गवत विषारी झालं, आइसलँडमधली निम्म्याहून जास्त जनावरं मेली आणि मग दुष्काळात तिथली सुमारे एक पंचमांश माणसं.

तापमानवाढीचं खापर ज्वालामुखींवर फोडणारे भेटतात. माणसाच्या हातून दरवर्षी जितका कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, त्याच्या एक टक्काही सगळे ज्वालामुखी मिळून सोडत नाहीत.

मृत ज्वालामुखी पुन्हा फुटू शकतो?

खरोखर मृत असेल तर नाही. अडचण अशी की ‘मृत’ आणि ‘गाढ झोपलेला’ यांत बाहेरून फरक दिसत नाही. पिनातुबो सुमारे पाचशे वर्षं गप्प होता. जंगलाने झाकलेला तो डोंगर ज्वालामुखी आहे हे आसपासच्या अनेकांच्या गावीही नव्हतं. ज्वालामुखीच्या आयुष्यात पाचशे वर्षं म्हणजे डुलकी.

उद्रेकाचं भाकीत करता येतं का?

तारीख-वार सांगता येत नाही. पण शिलारस वर येताना खडक फोडतो, त्यामुळे छोटे भूकंप होतात. जमीन काही सेंटिमीटर ते मीटर फुगते, आणि ते जीपीएस व उपग्रहाच्या रडारने मोजता येतं. बाहेर पडणाऱ्या वायूचं प्रमाण बदलतं. सेंट हेलेन्सची उत्तर बाजू रोज दीड-दोन मीटर बाहेर येत होती. १८ मे १९८० रोजी ती बाजू भूकंपासरशी घसरली आणि स्फोट वर न होता आडवा झाला. डोंगर फुटणार हे माहीत होतं. आडवा आणि इतका दूरवर फुटेल हे कोणी धरलं नव्हतं. ५७ माणसं गेली.

पिनातुबो हे यशाचं उदाहरण. एप्रिल १९९१ मध्ये वाफेचे स्फोट सुरू झाले, शास्त्रज्ञांनी घाईघाईने यंत्रं बसवली, धोक्याच्या पातळ्या ठरवल्या आणि १५ जूनच्या महाउद्रेकाआधी हजारो लोकांना हलवलं. किमान पाच हजार जीव वाचल्याचा अंदाज आहे. उलट २७ सप्टेंबर २०१४ रोजी जपानमधला ओंताके हा शनिवारच्या दुपारी, गिर्यारोहकांची गर्दी असताना, वाफेच्या स्फोटाने फुटला. धोक्याची पातळी तेव्हा सर्वांत खालची होती. ६३ जण मृत किंवा बेपत्ता झाले.

अमेरिकेतला यलोस्टोन हा महाज्वालामुखी कधी फुटणार?

लवकर फुटेल असं मानायला आधार नाही. तिथले तीन महाउद्रेक सुमारे २१ लाख, १३ लाख आणि ६.४ लाख वर्षांपूर्वीचे. ‘वेळ झाली आहे’ हा हिशेब दोन अंतरांच्या सरासरीवर बेतलेला आहे आणि ज्वालामुखी वेळापत्रक पाळत नाहीत. भीतीच वाटून घ्यायची तर पायथ्याशी लाखोंची वस्ती असलेल्या साध्यासुध्या शंकूंची वाटू द्या.

निळा लाव्हा खरा असतो का?

जावावरच्या कावा इजेनचे ते फोटो लाव्ह्याचे नाहीत. तिथे गंधकाचे वायू पेट घेतात आणि गंधकाची ज्योत निळी असते. विचित्रच लाव्हा हवा असेल तर टांझानियातला ओल दोइन्यो लेंगाई बघा. त्याचा लाव्हा कार्बोनेटचा आहे, जेमतेम ५०० ते ६०० अंशांचा, दिवसा काळ्या तेलासारखा दिसणारा, आणि गार झाल्यावर हवेतल्या ओलाव्याने पांढरा पडणारा.

जिवंत ज्वालामुखी बघायला जाणं सुरक्षित आहे का?

बऱ्याच ठिकाणी लोक रोज जातात आणि सुखरूप परततात. तरी ९ डिसेंबर २०१९ रोजी न्यूझीलंडच्या व्हाकारी बेटावर ४७ जण होते आणि वाफेच्या स्फोटात २२ जणांचा जीव गेला. तेव्हा निघण्याआधी त्या दिवशीची अधिकृत धोका-पातळी बघा. ती वाढलेली असेल तर बेत रद्द करा, पैसे भरले असले तरी. विवराच्या काठावर कमीत कमी वेळ थांबा, डोक्यावर हेल्मेट ठेवा, वारा पाठीकडून घ्या, आणि फोटोसाठी खोलगट जागेत उतरू नका.